ल्युसिड स्वप्न चालू आहे, पण दिसत काहीच नाही: काय करायचं

हे स्वप्न आहे हे स्वप्नातच कळतं; अशा स्वप्नाला ल्युसिड स्वप्न म्हणतात. अंगावर काटा येतो, आणि तेवढ्यात रंग फिके पडतात, वस्तूंच्या कडा विरतात, डोळ्यांपुढे काळोख. किंवा पहाटे निपचित पडून, जाणीव न सोडता थेट स्वप्नात शिरायचा प्रयत्न चाललेला असतो. आपण आत पोचलो हे नक्की जाणवतं, पण समोर काहीच नाही. दोन्ही वेळी बहुतेक जण एकच गोष्ट करतात, डोळे उघडायला बघतात. डोळे उघडतातही, पण पलंगावर. वर पंखा फिरत असतो आणि स्वप्न गेलेलं असतं.

एखाद्या वेळी झालं तर माणूस सोडून देतो. दर वेळी होऊ लागलं की वैतागतो, आणि ‘आपल्याला हे जमणारं नाही’ म्हणून नाद सोडतो. मला त्याची खरंच हळहळ वाटते, कारण ही अडचण सुटणारी आहे. दिसेनासं झालं म्हणजे स्वप्न संपलं असं नसतं. वीज गेली म्हणून कोणी घर सोडून जात नाही, भिंतीला हात लावत स्वयंपाकघरातून बाहेरच्या खोलीत येतो. अंधारलेल्या स्वप्नात तेच करायचं. नजरेच्या मागे लागायचं नाही, स्वप्नातलं शरीर धरून ठेवायचं. ते टिकलं की स्वप्न टिकतं, आणि नजर बऱ्याचदा आपसूक परत येते.

आधी अंधार कोणता ते ओळखा

चालू स्वप्न विझत जाणं वेगळं, शिरतानाच अंधारात पडणं वेगळं. स्वप्नात पापण्या चिकटल्यासारख्या होणं वेगळं, आणि रात्रीच्या अंधाऱ्या खोलीत ‘जागं’ होणं तर अगदीच वेगळं, कारण ती जाग पुष्कळदा खोटी असते. शिवाय कधी कधी आपण खरोखरच जागे झालेलो असतो आणि डोळे मिटलेले असतात.

काळोखात पडल्यावर पहिले काही क्षण काहीही करू नका. फक्त अंग कुठे आहे ते बघा. आपण उभे आहोत, तरंगतोय, चालतोय असं वाटत असेल तर स्वप्न चालू आहे, शंका नको. उशीचा दाब, अंगावरची चादर, पंख्याचा वारा स्पष्ट लागत असेल तर जागेपण जवळ आलंय. यातलं काहीच ठरत नसेल तर नाक चिमटीत धरून श्वास घेऊन बघा. स्वप्नात नाक दाबलेलं असूनही श्वास आत जातो. घड्याळ दोनदा बघणं, पाटी दोनदा वाचणं, हाताची बोटं मोजणं या नेहमीच्या चाचण्यांना उजेड लागतो, ही एक अंधारातही चालते. म्हणून दिवसा सराव करताना मी सगळ्यांना हीच चाचणी सांगतो.

नजर आधी का जाते

ल्युसिड स्वप्नांवर आयुष्यभर काम केलेले अमेरिकन संशोधक स्टीफन लाबर्ज यांनी नोंदवलंय की स्वप्न विझताना आधी रंग आणि बारकावे जातात, मग चित्र. स्पर्श सगळ्यांत शेवटी सुटणाऱ्यांपैकी असतो. म्हणजे अंधार झाला तेव्हा तुमच्या हातात अजून पुष्कळ काही शिल्लक असतं.

डोळे उघडायचा जोर का लावू नये, हेही समजून घ्यायला हवं. ठसठशीत स्वप्नं मुख्यतः रेम झोपेत, म्हणजे मिटल्या पापण्यांआड बुबुळं भराभर फिरतात त्या टप्प्यात, पडतात. तेव्हा हातापायांचे स्नायू जवळजवळ लुळे पडलेले असतात, म्हणून स्वप्नात धावलो तरी पलंगावर आपण धावत नाही. मात्र श्वासाचे आणि बुबुळं फिरवणारे स्नायू या बंधनातून सुटलेले असतात. याच सवलतीचा फायदा घेऊन १९७५ साली इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी ल्युसिड स्वप्नाचा पहिला पुरावा मिळवला. ॲलन वर्स्ली नावाचा स्वयंसेवक झोपेत होता आणि आधी ठरवल्याप्रमाणे स्वप्नातून डोळे डावीकडे-उजवीकडे फिरवून खूण करत होता. यंत्रावर ती खूण उमटली. लाबर्ज यांनीही नंतर स्टॅनफर्डमध्ये स्वतंत्रपणे हेच दाखवलं. आपल्या अडचणीपुरता याचा अर्थ असा की स्वप्नातले डोळे आणि खरे डोळे यांच्यातलं अंतर फार कमी आहे. स्वप्नातला हात कितीही जोरात हलवा, खरा हात पडून राहतो. पापण्यांवर जोर लावला की तो जोर खऱ्या पापण्यांवर पोचायला वेळ लागत नाही.

एका जागी टक लावून बघण्याचाही असाच परिणाम होतो. ‘किती स्पष्ट दिसतंय!’ म्हणून एखाद्या पानाकडे, चेहऱ्याकडे बघत राहिलात की चित्र पातळ होतं. जर्मन मानसशास्त्रज्ञ पाउल थोलाय यांनी तर स्वप्नातून मुद्दाम जागं होण्यासाठी हा उपाय सांगितला होता. चित्र टिकवायचं असेल तर नजर फिरती ठेवा. या वस्तूवरून त्या वस्तूवर, तिथून स्वतःच्या हातांवर, परत वस्तूवर.

चालू स्वप्न काळं पडलं तर

दोन्ही तळवे एकमेकांवर चोळा. जोर महत्त्वाचा नाही, लक्ष महत्त्वाचं. तळव्यात ऊब येते का, बोटांची पेरं एकमेकांवर अडतात का, अंगठ्याच्या बुडाचा मऊ भाग कसा लागतो, यात मन पूर्ण गुंतवा. यामागची कल्पना अशी की मेंदू स्वप्नातल्या हातांच्या संवेदनेत गुंतलेला असला की पलंगावरच्या हातांची खबर घ्यायला तो मोकळा राहत नाही. ऊब जाणवायला लागली की हात पुढे करा आणि काहीतरी शोधा. भिंत, दार, कठडा, गवत, काहीही. सापडलं की सोडू नका.

माझं एक स्वप्न जुन्या वाड्याच्या जिन्यात चाललं होतं आणि अर्ध्या जिन्यावर सगळं काळं झालं. हात चोळले, मग चाचपडल्यावर कठडा लागला. लाकूड गुळगुळीत, एके ठिकाणी खिळ्याचं डोकं वर आलेलं. त्या डोक्यावरून बोट फिरवलं, कडेला थोडा गंज खरखरला. मग पायाने पुढची पायरी चाचपली. पायरीची कड झिजून मधोमध खोलगट झालेली, दगड गार. तोंडाने पुटपुटत होतो: कठडा, खिळा, पायरी. आणखी दोन-तीन पायऱ्या उतरल्यावर खालच्या दाराच्या फटीतून उजेडाची एक उभी रेघ दिसली. तिच्याकडे टक न लावता उतरत राहिलो. रेघेची चौकट झाली, चौकटीतून अंगण दिसलं. या सगळ्यात मी उजेडाचा विचारही केला नव्हता, पाय कुठे टेकवायचा एवढंच बघत होतो. अंधारातून बाहेर पडण्याचा याहून भरवशाचा रस्ता मला माहीत नाही.

वस्तूंची नावं मोठ्याने घेण्याचा उपयोग होतो, पण तिथेच थांबा. ‘आता मी असं केलं म्हणजे तसं होईल’ असा हिशेब सुरू झाला की मन स्वप्नातून बाहेर यायला लागतं.

दुसरा उपाय गिरकीचा. लहानपणी अंगणात हात पसरून गरगर फिरायचो तसं जागच्या जागी फिरायचं. विचार करायचा नाही, फिरण्याची भोवळ अंगात जाणवू द्यायची. लाबर्ज यांनी स्वयंसेवकांकडून हे उपाय तपासून घेतले होते. स्वप्न टिकण्याचं प्रमाण गिरकीनंतर सर्वांत जास्त, हात चोळल्यानंतर त्याखालोखाल, आणि काहीच न करता वाहत राहिल्यावर बरंच कमी आलं. आकड्यांत गिरकी पुढे आहे, तरी अंधारात मी आधी हात चोळायला सांगतो. गिरकीने दृश्य बहुतेक वेळा बदलतं, आणि नवं दृश्य फार वेळा आपलाच पलंग असतो. माणसाला वाटतं आपण उठलो, तो दात घासायला जातो आणि अर्ध्या तासाने खरोखर उठल्यावर डोक्याला हात लावतो. गिरकी घ्यायचीच असेल तर कुठे उतरायचं ते आधी ठरवा, आणि फिरताना सारखं म्हणत राहा की यापुढे जे लागेल, जे दिसेल ते स्वप्नच आहे. थांबल्यावर लगेच नाक दाबून बघा.

आवाजाचा वापर मात्र फार कमी जण करतात. बृहदारण्यक उपनिषदात जनक राजा याज्ञवल्क्यांना विचारतो, माणूस कोणत्या उजेडात वावरतो? सूर्याच्या. तो मावळला तर? चंद्राच्या. तोही मावळला तर? अग्नीच्या. अग्नीही विझला तर? वाणीच्या, असं याज्ञवल्क्य सांगतात. स्वतःचा हातसुद्धा ओळखू येत नाही अशा अंधारात जिकडून आवाज येतो तिकडे माणूस जातो. वाणीही थांबली की उरतो तो आत्म्याचा उजेड. त्याच संवादात पुढे स्वप्नाचं वर्णन येतं: तिथे रथ नसतात, घोडे नसतात, रस्ते नसतात, हा स्वतः ते निर्माण करतो. अंधारलेल्या ल्युसिड स्वप्नात सापडलेल्या माणसासाठी इतकं नेमकं मी दुसरीकडे वाचलेलं नाही.

म्हणून हाक मारा. “कोणी आहे का इथे? जरा हात द्या.” स्वप्नातली माणसं अशा वेळी उत्तर देतात, आणि हात मिळाला की दृश्य त्या हाताच्या मागोमाग येतं. पुष्कळ जण ‘उजेड हो!’ असा हुकूम सोडतात. लागू पडला तर उत्तमच, पण नाही पडला की शंका घर करते आणि स्वप्न ढासळतं. मी आवाज मागतो: नदी, बाजार, देवळातली घंटा. ऐकू आलं की त्या दिशेने चालायला लागायचं.

शिरतानाच काळोख असेल तर

जागेपणातून सरळ स्वप्नात उतरणाऱ्यांना ही पोकळी ठाऊक असते. ना वर, ना खाली, कानात गुणगुण किंवा घरघर, अंगातून थरथर. काहींना छातीवर दाब आल्यासारखं वाटतं, खोलीत कोणीतरी असल्याचा भास होतो. तो निद्रापक्षाघात. झोप लागताना किंवा जाग आल्यावर रेम झोपेतला लुळेपणा काही सेकंद, क्वचित काही मिनिटं जाणवतो म्हणून तसं होतं. भीती फार वाटते, इजा होत नाही. लांब श्वास सोडा आणि अंग ढिलं ठेवा.

या पोकळीत चित्राची वाट बघत बसलात की एक तर झोप लागते, नाही तर जाग येते. इथे हालचालीने सुरुवात करायची. पलंगाच्या कडेवरून लोळत खाली उतरतोय असं नुसतं मनात आणायचं नाही, प्रत्यक्ष उतरायला निघायचं, पण स्नायू न आवळता. शरीर लुळं असलं की स्वप्नातलं शरीर वेगळं सुटतं. जमिनीवर पडलात की रांगायला लागा. फरशी चाचपा, सांधे शोधा, भिंत गाठा, भिंतीने दारापर्यंत जा. सुरुवातीला आपल्याच खोलीचा नकाशा हाताशी असतो, ही मोठी सोय. दाराबाहेर पडेपर्यंत पुष्कळांना दिसायला लागतं. खरा हात हलला तर ताबडतोब थांबा, तसंच पडून राहा आणि पुन्हा सुरुवात करा.

पापण्या चिकटल्या, दिवा लागत नाही

पापण्या उघडत नसतील तर उघडू नका. मिटल्या डोळ्यांनीच स्वप्नात फिरा. लोकांना हे विचित्र वाटतं, पण स्वप्नात दिसायला पापण्यांची गरज नसते, आणि ती खटपट सोडल्यावर थोड्या वेळाने आपण बघतोय हे लक्षात येतं.

दिव्याच्या बटणाचं कोडं जुनं आहे. कीथ हर्न यांनी १९८१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात काही जणांना ल्युसिड स्वप्नात दिवा लावून बघायला सांगितलं होतं, आणि बहुतेकांना तो लावता आला नाही. तेव्हा अंधाऱ्या खोलीत बटण दाबलं आणि काही झालं नाही, तर ती चांगली खूण समजा. हे स्वप्न आहे एवढं त्यातून कळलं की बटण सोडून द्या. त्याच्यापाशी टकटक करत राहिलं की निराशा वाढते. दार उघडून बाहेर पडा, बाहेर दुपार असेल अशी खात्री बाळगून. खोलीत एकदम लख्ख उजेड पाडण्यापेक्षा उजेड असलेल्या जागी चालत जाणं स्वप्नात कितीतरी सोपं जातं.

आणि नजर परत आलीच नाही तर?

तर न दिसणारं स्वप्न पूर्ण बघा. मला या विषयातला सर्वांत मोलाचा भाग हाच वाटतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जोसेफ जास्ट्रो यांनी १८८८ साली अंध व्यक्तींच्या स्वप्नांचा अभ्यास मांडला. वयाच्या पाचव्या वर्षाआधी दृष्टी गेलेल्यांच्या स्वप्नांत चित्रं आढळली नाहीत, सातव्या वर्षानंतर गेलेल्यांच्या स्वप्नांत आढळली, मधल्या वयातल्यांचं दोन्हीकडे होतं. जन्मापासून अंध असलेल्यांची स्वप्नं आवाज, स्पर्श, वास, चव आणि हालचाल यांनी भरलेली असतात, आणि ती अपुरी नसतात. त्यांत माणसं भेटतात, भांडणं होतात, प्रवास होतात, भीतीही वाटते. स्वप्नाला चित्र लागतंच असं नाही, याचा याहून मोठा दाखला कुठला?

अंधारात करण्यासारखं खूप आहे. उडता येतं, आणि वारा कानांवर, गळ्यावर, बोटांच्या बेचक्यांत कसा लागतो हे उघड्या डोळ्यांपेक्षा जास्त कळतं. पाण्यात उतरता येतं. गाता येतं, तबल्यावर बोल वाजवता येतात. गेलेल्या माणसाचा आवाज मागता येतो. चव घेता येते: एखादं फळ हातात येऊ द्या, साल नखाने सोला, तोंडात टाका. चित्राच्या नादात हे सगळं आपण एरवी ओलांडून जातो. आणि गंमत अशी की यात मन रमलं की उजेड पुष्कळदा न बोलावता येतो.

दर वेळी होत असेल तर

उत्साह हे पहिलं कारण. स्वप्न ओळखल्यावर पहिली काही सेकंदं ओरडू नका, उडी मारू नका. खाली वाका, जमिनीला हात लावा, मग पुढचं. दुसरं कारण वेळ. झोपेचं आवर्तन साधारण ९० मिनिटांचं असतं, आणि त्यातला रेमचा वाटा रात्रीच्या सुरुवातीला दहा मिनिटांच्या आसपास, पहाटेकडे अर्धा तास किंवा त्याहून जास्त असतो. रात्री लवकर मिळालेलं ल्युसिड स्वप्न मुळातच तोकडं असतं, ते विझलं तर त्यात तुमचा काही दोष नाही. सराव पहाटेसाठी राखून ठेवा.

तिसरं कारण सर्वांत चिवट: आता अंधार होणार ही धास्ती. स्वप्न अपेक्षेवर चालतं, त्यामुळे धास्तीच अंधार घेऊन येते. धास्ती घालवायचा मार्ग म्हणजे अंधाराची तालीम. रोज घरात थोडा वेळ डोळे मिटून वावरा. जिना, ओटा आणि गॅस यांच्यापासून लांब. दाराची कडी, पडद्याचं कापड, गव्हाच्या डब्याचं झाकण हातांनी ओळखा, तळवे चोळा, नाक दाबून बघा. झोपताना तोच प्रसंग मनात घोळवा: काळोख झाला, मी हात चोळले, भिंत धरली, पुढे गेलो. स्वप्नांची वही ठेवत असाल तर ‘काय दिसलं’ याच्याबरोबर काय लागलं, काय ऐकू आलं, कसला वास होता हेही लिहा. काही दिवसांत स्वप्नातले हे तपशील वाढतात.

एवढं करूनही जाग आली तर डोळे उघडू नका आणि कूस बदलू नका. तसंच पडून, शेवटी हाताला जे लागलं होतं तेच मनाने धरून ठेवा. माझ्या अनुभवात लगेच केलं तर पुष्कळदा परत शिरता येतं. कूस बदलली की ती संधी सहसा जाते.

गोळ्यांबद्दल लोक हमखास विचारतात. गॅलॅन्टामाइन हे अल्झायमरवरचं औषध आहे. त्याने ल्युसिड स्वप्नं वाढतात असं २०१८ साली लाबर्ज आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसलं, तरी ते डॉक्टरांना न विचारता घेऊ नका. हृदयाचे ठोके मंद असणाऱ्यांना आणि दमा असणाऱ्यांना त्याचा त्रास होऊ शकतो. ल्युसिड स्वप्नासाठी मध्यरात्री गजर लावून उठण्याचा प्रकारही रोज नको, झोप मोडून मिळवलेलं स्वप्न पुढचा दिवस खातं. जाग आणि स्वप्न यांतला फरक दिवसाही धूसर वाटू लागला, किंवा आधीपासून मनोविकाराचे उपचार चालू असतील, तर सराव थांबवून आपल्या डॉक्टरांशी बोला. आणि जागेपणी डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, क्षणभर का होईना पण दिसेनासं होत असेल, तर वरचं काहीच त्याला लागू नाही. त्यासाठी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे त्याच दिवशी जा.